दोस्त राष्ट्रे
(वळिवडे कॅम्प, कोल्हापूर. जून १९४६)

गुंडूचं पत्र आलं लंडनहून.
भाऊ माझा, मराठा पलटणीतला,
इटलीच्या चिखलात दोन बोटं ठेवून आलेला.
लिहितो: दादा, काय ती विजयाची परेड,
आपली दसऱ्याची स्वारी
सहा वेळा शेजारीशेजारी जाईल एवढा रस्ता.
सगळ्या दोस्तांची निशाणं होती.
लक्झेंबर्ग म्हणून एक देश आहे,
करवीर तालुक्यात मावेल, तोसुद्धा होता.
पण नदीपल्याड डोंगरावर जे लढले,
ज्यांनी मला काळ्या पावाचा अर्धा तुकडा दिला,
ते पोलंडवाले कुठं दिसले नाहीत.
तुझ्या कॅम्पात विचार,
ते रुसले का?

आता कुणाला विचारू?
मी राशन दुकानाचा कारकून.
खिडकीत येते ती हालिनाबाई, शाळेत भूगोल शिकवणारी,
'पान राऊ' म्हणते मला.
पान म्हणजे त्यांच्यात साहेब.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा
मी तिला पानपट्टीचा रस्ता दाखवला होता.

गेल्या मे महिन्यात युद्ध जिंकलं
तेव्हा मीच पताका बांधल्या बराकीपासून बराकीपर्यंत.
गावातून बँड आणला. पेढे आणले.
पेढ्यांना मुंग्या लागल्या,
बाया प्रार्थनेच्या खोलीतून बाहेरच आल्या नाहीत.
मी चिडलो. म्हटलं, जिंकलात की हो!
तिनं मला वर्गात नेलं, नकाशापुढं.
शाईची एक रेघ होती, जुनी.
तिच्या अलीकडं तांबड्या पेन्सिलीची, ताजी.
मधोमध बोट ठेवून म्हणाली, हे माझं घर.
पेन्सिल कुणाची, विचारलं.
दोस्तांची, म्हणाली,
आणि खडूचे हात पदर नसलेल्या झग्याला पुसत राहिली.

तिचा यानेक बंडा वस्तादाच्या तालमीत जायचा.
वस्तादाला सांगितलं सगळं.
तो लंगोट पिळत म्हणाला,
जोड लावताना आम्ही वजन बघतो बाबा.
तहात कोण बघतंय?

मग जुलैत साहेब आला.
लंडनात बसलेलं यांचं सरकार
आता सरकार नाही म्हणे.
कचेरीतल्या भिंतीवरची एक तसबीर उतरवली,
खिळा तसाच राहिला.
साहेब तोच, पाईप तोच,
बायकांना बघून टोपी काढायची रीतही तीच.
माझ्या वहीत तेवढीच माणसं,
माणशी तेवढीच साखर.

आमच्या दरबाराचाही यांच्याशी तह आहे म्हणतात,
कायमच्या दोस्तीचा.
दप्तरखान्यात, रेशमी रुमालात.
परवा चावडीवर कुणी म्हणालं,
हे तर आता निघाले बिऱ्हाड आवरून,
मग त्या कागदाचं काय?
वाळवीला विचारा, म्हणालो मी.
हसले सगळे. मीही.
रात्री झोप लागली नाही, एवढंच.

आज ती आली. पत्र खिशात होतं.
ठरवलं होतं, बोलायचं नाही.
साखर तोलता तोलता बोलून गेलो:
भाऊ विचारतो, तुमची माणसं रुसली का?
तिनं पारड्याकडं बघितलं. बराच वेळ.
लिहा त्यांना, म्हणाली,
रुसायला आधी बोलावणं यावं लागतं.

आणि दारापर्यंत जाऊन परत फिरली.
थंडीत दुखतात का हो त्यांची
ती नसलेली बोटं?
विचारून कळवतो, म्हटलं.

सही राहिली होती.
नाव लिहिलं तिनं तिच्या अक्षरात, बराक नंबर लिहिला,
'देश' या रकान्यात टाक थांबला.
शाईचा थेंब टोकाला जमायला लागला,
तसं मी घाईनं टीपकागद पुढं केला,
म्हटलं, राहू द्या बाई,
ते पुढच्या महिन्यात भरू.